चार रुपये बारा आणे दोन पै

यंदाही पितृपक्ष लागला आणि ऊन एकाएकी कडक झाले. डोंबिवलीत दरवर्षी असेच होते. चार महिने पाणी प्यायलेल्या भिंती दुपारी वाफ सोडू लागतात, गाद्या उन्हात जातात, आणि घरामागच्या खाचरांत भात पोटरीला आलेले असते. त्या भाताला एक वास असतो. दूध तापायला लागले की येतो तसा, पण हिरवा. तो वास, भिंतींची वाफ आणि कुणाच्या तरी घरात वडे तळले जात असल्याचा वास, हे तिन्ही एकत्र आले की माझ्या तोंडात आपोआप एक आकडा येतो. चार रुपये बारा आणे दोन पै.

मुलगी म्हणते, "बाबा, आता नवे पैसे आलेत. चार रुपये शहात्तर म्हणा." तिचे बरोबर आहे. पण त्या आकड्याशी आम्ही दोन वर्षे कुस्ती खेळलो आणि ती जिंकलो. ज्याला चीत केले त्याला त्याच्या जुन्या नावाने हाक मारण्यात एक सुख असते, ते मी सोडणार नाही.

हा एका अमेरिकन डॉलरचा भाव. १९४९ च्या भाद्रपदापर्यंत तो तीन रुपये चार आणे अकरा पै होता, आणि लढाई सुरू झाल्यापासून जागचा हलला नव्हता. आपला रुपया विलायतेच्या पौंडाला बांधलेला. तेरा रुपये पाच आणे चार पै म्हणजे एक पौंड, हे मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. पौंड डॉलरला बांधलेला. दोन गाठी, दोन्ही घट्ट. मी ठाण्याच्या एका कारखान्यात खर्चाचा हिशेब बघतो. इतकी वर्षे न हललेला आकडा माझ्यासारख्या माणसाला भिंतीतल्या खिळ्यासारखा वाटतो. त्यावर खुशाल सदरा टांगावा. मी त्यावर माझ्या धाकट्या बहिणीचे शिक्षण टांगले होते.

शरयू माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. रसायन घेऊन बी.एस्सी. झाली आणि मातीच्या नादाला लागली. कोलशेतच्या खाडीकाठी पास्कूबाबा म्हणून एक ख्रिस्ती शेतकरी होता. त्याच्या बांधाला एका उधाणात खिंडार पडले आणि खारे पाणी आत शिरले. तीन वर्षे त्या जमिनीत भात धरेना. शरयू तिथे जाऊन डब्यांतून माती आणायची, ती घरात तांब्यांत भिजवायची, आणि आई पाणी प्यायला तांब्या उचलायची तेव्हा ओरडायची. खारी जमीन पुन्हा गोडी कशी करायची, एवढाच तिचा ध्यास. अमेरिकेत एका विद्यापीठात हाच विषय शिकवत होते. तिला प्रवेश मिळाला. बोटीचे भाडे आणि पहिल्या सहामाहीची फी आम्ही भरली, आणि श्रावणात ती गेली. राहिलेले दीड वर्ष निभावायला अठराशे डॉलर लागणार होते. म्हणजे पाच हजार नऊशे पंचावन्न रुपये. त्यातले दोन हजार माझ्या मेहुण्याने, कल्याणच्या वामनरावांनी, बिनव्याजी दिले होते. बाकीचे माझी आणि आईची आजवरची शिल्लक. परवाना हातात होता, अर्ज भरलेला होता, पैसे बँकेत तयार होते.

गणपती गेले. दुसऱ्याच दिवसापासून पितृपक्ष.

"दत्तू," आई म्हणाली, "पितृपक्षात लक्ष्मी घराबाहेर काढू नये. घट बसले की पाठव. पंधरा दिवसांत काय जग बुडतंय?"

एरवी मी असल्या गोष्टींवर आईशी वाद घातला असता. त्या वेळी घातला नाही, आणि त्याचे कारण मी कुणाला सांगितले नाही. बँक बचत खात्यावर दोन टक्के देत असे, पण महिनाअखेरपर्यंत रक्कम हलवली नाही तरच त्या महिन्याचे व्याज धरत असे. पाच हजार नऊशे पंचावन्नावर एका महिन्याचे व्याज नऊ रुपये पंधरा आणे. नऊ रुपये पंधरा आण्यांत तेव्हा पुष्कळ काही येई. आईचा पितृपक्ष माझ्या व्याजाच्या मदतीला अगदी वेळेवर आला.

वडिलांच्या तिथीचा दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांनी दिसतो. ओलेत्याने बसलेला मी. बोटात दर्भाची अंगठी. शहाबादी फरशीवर सांडलेले काळे तीळ. चुलीवर खिरीला उकळी आलेली, आणि दारात माझी बायको सुमती, हातात वर्तमानपत्र धरून उभी. मी सोवळ्यात, तेव्हा मला पेपर शिवता येत नव्हता. तिला आत येता येत नव्हते.

"अहो, रुपया उतरला म्हणे."

"किती?"

"आधी तर्पण उरका."

"सुमती, किती?"

"रुपयाला तीस सेंट मिळत होते, आता एकवीस मिळतील असं लिहिलंय. पौंड पण तेवढाच उतरलाय. म्हणजे काय हो?"

भटजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवले आणि फरशीवर भागाकार मांडला. अठराशे भागिले एकवीस शतांश. हवा इतकी तापलेली होती की शेवटचा आकडा लिहीपर्यंत पहिला वाळून जाई. तीन वेळा मांडला. तिन्ही वेळा उत्तर आठ हजार पाचशे एकाहत्तर आले. आमच्याकडे पाच हजार नऊशे पंचावन्न. सव्वीसशे सोळा रुपये कमी. माझा पगार तेव्हा दोनशे दहा होता.

"यजमान, पाणी वाया घालवू नका," भटजी म्हणाले, "पितर खोळंबलेत."

आणि परसात कावळा आला, इकडेतिकडे बघितले नाही, पहिल्याच झेपेत पिंडाला शिवला. वडील संतुष्ट होते. त्यांनी पेपर वाचला नव्हता.

त्यानंतरचे आठवडे मला आठवतात ते तोंडाला कोरड पडल्यासारखे. उकाडा, तिळाची पिवळी फुले, बांधांवरचे वाळत चाललेले गवत. आमच्याकडच्या रुपयांचे आता साडेबाराशे डॉलरच येत होते, साडेपाचशे कमी. शरयूला तेवढ्यात वर्ष काढता आले असते, पदवी घेता आली नसती. अर्ध्यातून परत यावे लागणार, असा सरळ अर्थ होता.

कल्याणच्या निर्वासित छावणीतला एक सिंधी कापडवाला आमच्या आळीत यायचा. त्याला माझी अडचण कुणीतरी सांगितली असावी. गाठोडे सोडता सोडता म्हणाला, "बाबूजी, हमारे उधर वालों ने अपना रुपया गिराया नहीं. अब उधर का सौ, इधर का एक सौ चवालीस." मग हसून म्हणाला, "मैं तो बैठे बैठे अमीर हो गया. मकान उधर, दुकान उधर. बस, जा नहीं सकता." त्या दिवशी सुमतीने गरज नसताना एक धोतरजोडी घेतली. त्याच्या भावाच्या शेजारी माझा भाव ठेवून बघितला, आणि माझ्या तक्रारीचा आवाज मला जरा मोठा वाटला.

वामनराव मात्र एका रविवारी येऊन स्पष्ट बोलून गेले. माणूस वाईट नव्हता, व्यवहारी होता. "भावजी, पैसे पाठवू नका. पोरीला बोलवून घ्या. राहिलेल्या पैशांत लग्न होईल थाटात, आणि माझे दोन हजारही सुटतील. अर्धवट विहीर खणण्यात काय अर्थ आहे?"

आई आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. तिने तिथूनच सांगितले, "बोलाव तिला. माझ्यामुळे झालं, मीच पत्र सांगते."

दोन दिवस ती हेच म्हणत होती. माझ्यामुळे झालं. जेवताना, दिवा लावताना, शेजारणीला. आणि मी दोन दिवस गप्प होतो. आकड्यांत मी कधी एक पै इकडची तिकडे केलेली नाही, पण ही तूट मी आईच्या नावावर पडू देत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर बसलो.

"आई, उशीर तुझ्या एकटीचा नाही. महिनाअखेरपर्यंत पैसे ठेवले तर नऊ रुपये पंधरा आणे व्याज मिळत होतं. म्हणून मी तुला हो म्हणालो."

तिने सुपावरून मान वर केली. "नऊ रुपये?"

"आणि पंधरा आणे."

"मग मेल्या, आधी नाही का बोललास? दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्या बापाला आणि आज्याला शिव्या घालतेय!"

सुमती चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसली. आई हसली नाही, पण त्या दिवसापासून ताठ बसू लागली. आणि शरयूला परत बोलवायचे पत्र सांगायचे तिने पुढे ढकलले. "घाई नको," म्हणाली, "घाई न करण्याचे एकदा पैसे भरलेत, आता ते पुरवून वापरू."

वाट दाखवली ती पास्कूबाबाने. या गोष्टीत हिशेबाची खरी अक्कल त्या माणसाची. आश्विन लागला की तो कारखान्याच्या फाटकाबाहेर काकड्या घेऊन बसायचा. कोवळ्या, काट्याकाट्यांच्या, पावसाचे पाणी आत साठलेल्या काकड्या. मला बघून विचारायचा, "बाय कवा येनार? आमची जमीन गोरी करनार व्हती ना ती?" त्याच्या बोलीत गोडीची गोरी होई.

त्या दिवशी मी त्याला सगळे सांगितले. सांगायला दुसरे कुणी उरले नव्हते म्हणून. रुपया उतरला म्हणजे काय, हे काकडी विकणाऱ्याला समजावताना मी मनात जरा मोठेपणाही घेत होतो. तो काकडी चिरत ऐकत होता. फोडीला मीठ लावून माझ्या हातात दिली.

"म्हंजे आपला रुपया सवंग झाला."

"हो."

"आन् त्यांचा डालर म्हाग."

"हो ना."

"मंग बायला सांग, थितं काम कर. म्हाग पैका मिलतो तितं मजुरी करावी, सवंग मिलतो तितं खर्च करावा. आमची पोरं मुंबयला गोदीत का जातान?"

मी ती फोड हातात धरून उभा राहिलो. तीन आठवडे मी डॉलरला एकवीस सेंटने भागत होतो. गुणाकार मला सुचला नव्हता. तोच आकडा, उलट बाजूने धरला की हत्यार होत होता. तिने तिथे मिळवलेला प्रत्येक डॉलर इथे तीन रुपये चार आणे अकरा पैचा नव्हे, चार रुपये बारा आणे दोन पैचा होता. काकडी गोड होती. मी दोन शेर घेतल्या.

होते ते साडेबाराशे डॉलर मी पाठवले आणि बरोबर शरयूला लांबलचक पत्र लिहिले. तिचे उत्तर दिवाळीनंतर आले. तिने पत्राची वाटच पाहिली नव्हती. रुपया उतरल्याचे तिने तिथल्या पेपरात वाचले आणि त्याच आठवड्यात प्राध्यापकांना भेटली. प्रयोगशाळेत काचसामान धुवायचे काम, तासाला पाऊण डॉलर. "दादा," तिने लिहिले होते, "साडेपाचशे डॉलर म्हणजे सातशे तेहतीस तास वीस मिनिटे. तू हिशेब करशीलच म्हणून आधीच कळवते. वरची वीस मिनिटे मी त्यांना माफ केली आहेत. आईला सांग, भांडी घासायला तिने शिकवले ते वाया गेले नाही. इथे त्याचे पैसे देतात, आणि राखही लागत नाही."

आईने ते पत्र सुमतीकडून चार वेळा वाचून घेतले. मग गेरूचा खडा घेतला आणि दाराच्या मागच्या भिंतीवर रेघा ओढायला बसली. दहा तासांना एक रेघ. पुढे दर पत्रात शरयू तास कळवी आणि दर पत्रामागे भिंतीवर सहासात रेघा चढत. पोस्टमन आळीत दिसला की आई आधी रेघांकडे बघे, मग त्याच्याकडे. शेजारच्या बायकांनाही ठाऊक झाले. "काय हो काकू, किती झाले?" "एकशे नव्वद." "अगंबाई, हात गेले असतील पोरीचे." "जाऊ देत. हात परत येतात."

तो हिवाळा मला आमच्या घराच्या भिंतीवर चढताना दिसतो. तिकडे बर्फ, इकडे झोडणीचा आवाज, खळ्यांवर उडणारा भुसा, आणि दाराआड तांबड्या रेघा. फाल्गुनात तीनशे चाळीस झाले. वैशाखात पाचशे दहा. मी स्वतःशी गंमत म्हणून पै-पैचा भाव लावून बघे: एक रेघ म्हणजे साडेसात डॉलर, म्हणजे पस्तीस रुपये अकरा आणे. माझ्या पाच दिवसांच्या पगाराहून अधिक. माझी बहीण बाटल्या धूत होती आणि मला मागे टाकत होती. इतका आनंद मला दुसऱ्या कुणाकडून हरताना झालेला नाही.

पुढच्या वर्षी भात पुन्हा पोटरीला आले त्याच्या आधीच त्र्याहत्तर रेघा पुऱ्या झाल्या. आईने चौऱ्याहत्तरावी अर्धीच ओढली. "तीन तास आणि वर वीस मिनिटं," म्हणाली. "तिने माफ केली, मी नाही करणार."

शरयू एम.एस. झाली. पहिल्या वर्गात. लगेच त्याच प्रयोगशाळेत तिला मदतनिसाची जागा मिळाली, बाटल्या धुण्याची नव्हे, माती तपासण्याची. १९५१ च्या कार्तिकात एक जाड पाकीट आले. त्यात चारशे वीस डॉलरचा ड्राफ्ट होता, आईच्या नावाचा. सोबत चार ओळी: हे वामनरावांचे दोन हजार. जुन्या भावाने यासाठी सहाशे पाच डॉलर साठवावे लागले असते. रुपया उतरला म्हणून एकशे पंच्याऐंशी वाचले. दादाला सांग, या भावाला आता शिव्या देऊ नकोस.

आईला घेऊन मी मुंबईला बँकेत गेलो. तिच्या अंगावर नुकतेच धुतलेले नऊवारी लुगडे, आणि हातात कापडी पिशवी. खिडकीतल्या कारकुनाने ड्राफ्ट उलटसुलट केला आणि तिला सही करायला सांगितली. तिने सही केली, प्रत्येक अक्षराला पुरेसा वेळ देऊन. मग विचारले, "आज काय भाव?"

कारकून चमकला. "चार बारा, आजी."

"चार बारा दोन."

"तो पेपरातला. आम्ही डॉलर विकत घेतो तेव्हा चार बारा."

"आणि विकता तेव्हा?"

"तेव्हा थोडा जास्त."

"म्हणजे घेताना तुमचा भाव आणि देताना पण तुमचाच?"

"बँक आहे ना आजी," तो हसत म्हणाला. मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. आई हसली नाही. तिने मनातल्या मनात काहीतरी केले. "मग चारशे विसाचे एकोणीसशे पंचाण्णव होतात. पाच कमी पडले." मी मान हलवली. बरोबर होते. तिने कनवटीची पाचाची नोट काढली, घडी उलगडली आणि कारकुनाने मोजलेल्या नोटांवर ठेवली. "हे माझे."

तिथून आम्ही घरी गेलो नाही. डोंबिवलीला उतरायला मी उठलो तर ती बसून राहिली. "कल्याण," म्हणाली.

वामनराव ओसरीवर पान लावत होते. आईने नमस्कार-चमत्काराच्या आधी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हात पुसले, नोटा बाहेर काढल्या, अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या. दोन हजार. पुन्हा मोजल्या. मग खरोखर मनापासून म्हणाले, "विहीणबाई, मानलं तुमच्या पोरीला. मी तर म्हटलं होतं परत बोलवा. आता फिटलं सगळं. आता तरी बोलवून घ्या. पंचवीस वर्षांची झाली. माझ्या पाहण्यात एक स्थळ आहे, पुण्याचं."

सुपारीचा अडकित्ता कुरकुरला. आई भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, सकाळपासून प्रथमच.

"प्राध्यापक तिला पुढे ठेवून घ्यायचं म्हणताहेत," ती म्हणाली. "पीएच.डी. का काय. पगारही देतात. दत्तूने मला पत्र वाचून दाखवलंय."

"म्हणजे अजून तीन वर्षं! विहीणबाई, त्या वेळी पैसे नव्हते म्हणून बोलवत होता. आता पैसे आहेत तर बोलवायचं नाही?"

"त्या वेळी डॉलर आपल्याला घ्यावे लागत होते," आई म्हणाली. "आता ती कमावते." आणि माझ्याकडे वळली. "दत्तू, आजच लिही. पास्कूची जमीन तीन वर्षांत कुठे पळून जात नाही म्हणावं. सगळं शिकून ये, काही बाकी ठेवू नकोस." थोडे थांबून तिने वामनरावांच्या तबकातले पान स्वतःच उचलले. "आणि वामनराव, पुण्याच्या मुलाला सांगा, थांबायची तयारी असेल तर थांबावं. आमच्या मुलीचा भाव वाढलाय."